जावयाची बारा पॅनलं

माझा आवाज मोठा आहे हे मला कुणी सांगायला नको. बायको म्हणते, तुम्ही कुजबुजलात तरी शेजारचे खिडकी लावून घेतात. पण आमच्या धंद्यात गोड बोलून भागत नाही. मैदानावर गाण्याचे मोठे कार्यक्रम होतात, तेव्हा स्टेजसमोर गर्दी थोपवायला लोखंडी बॅरिकेड लागतं. ते आम्ही बसवतो. बावीस वर्षं मी हेच करतोय आणि आजवर एकही पॅनल जागचं हललेलं नाही, कारण प्रत्येकाचं काम मी स्वतः पाना लावून तपासतो. जिथे बोल्ट फिरला, तिथे त्या माणसाची खैर नसते.

त्या दिवशी मात्र मी बारा पॅनलं तपासली नाहीत. ती माझ्या जावयाने बसवली होती.

जावई दोन महिन्यांपूर्वी आमच्या टोळीत आला. त्याची आधीची नोकरी सुटली आणि लेकीनेच गळ घातली. पहिल्याच दिवशी बायकोने मला दारात अडवून बजावलं, "ते जावई आहेत आपले. तिथे चारचौघांत त्यांच्यावर खेकसू नका." झालं, माझं तोंड शिवल्यासारखं झालं. बाकीच्यांना मी 'अरे गाढवा' म्हणायचो आणि ह्याला 'जरा हे बघता का'. पोरं गालातल्या गालात हसायची. जावई चुका करत नव्हता, पण त्याने बसवलेल्या जोडाला मी पाना लावायचा म्हणजे, तुमच्यावर भरवसा नाही, असं तोंडावर सांगितल्यासारखं होणार. म्हणून मी त्याच्या पॅनलांवरून नुसता हात फिरवून पुढे जायचो.

कार्यक्रम संध्याकाळचा, पण दुपारी चारलाच मैदान भरलं. बारा हजार माणसं. आमची लेकही त्यात होती, थेट पुढच्या रांगेत. गायिका तिची लाडकी आणि बॅरिकेड नवऱ्याने बसवलेलं, मग घरी कशाला बसेल. सुरुवातीचा बँड वाजायला लागला आणि मी ट्रकपाशी सामान आवरायला गेलो. आमची पद्धत अशी, की सकाळी प्रत्येकाला डब्यात मोजून बोल्ट द्यायचे, एका जोडाला दोन. काम संपलं की डबा रिकामा परत यायला हवा. जावयाचा डबा उचलला तर आत खुळखुळ झाली.

चार बोल्ट.

पॅनलाच्या पायाशी प्रेक्षकांच्या बाजूला एक रुंद पत्रा असतो. पुढचे लोक त्यावरच उभे राहतात आणि त्यांच्याच वजनाने बॅरिकेड टिकून राहतं. पण सगळी पॅनलं एकमेकांना घट्ट जोडलेली असली तरच. मध्येच एक जोड सुटा राहिला आणि मुख्य गायिका आल्यावर मागून रेटा आला, तर तिथे उभ्या माणसांवर मागची शंभर माणसं पडणार. आणि लेक नवऱ्याने बसवलेल्या बाजूलाच उभी असणार, यात मला शंका नव्हती.

जावयाला फोन लावला. एवढ्या गर्दीत फोन कुठला लागतोय. त्याची पाळी मैदानाच्या पार पलीकडच्या फाटकावर होती. एका पोऱ्याला त्याला बोलवायला पिटाळलं आणि मी पाना घेऊन कार्यक्रमाच्या मॅनेजरबाईंकडे गेलो. वयाने माझ्या लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठ्या असतील.

"बाई, गायिकेला थोडा वेळ थांबवा. बॅरिकेडचा एक भाग तपासायचा राहिलाय."

"राहिलाय म्हणजे? सकाळी तुम्ही सही केलीत ना?"

"केली. चूक माझी आहे."

मला वाटलं, आता बाई माझी खरडपट्टी काढणार. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही हो म्हणेपर्यंत ती स्टेजवर येणार नाही. जा लवकर."

स्टेज आणि बॅरिकेड यांच्यामध्ये दोन माणसं जेमतेम चालतील एवढी गल्ली असते. मी तिथे गुडघ्यांवर बसलो आणि जावयाच्या पहिल्या जोडाला पाना लावला. घट्ट. खालचाही घट्ट. पुढचा जोड. वरून पोरंपोरी वाकून बघत होती. एक म्हणाला, "काका, काही हरवलं का?" दुसरी म्हणाली, "काकांना पुढची जागा मिळाली बघ, आणि त्यांचं तोंड आपल्याकडे." एरवी मी दोघांनाही चांगलं सुनावलं असतं. पण मला पुढचा बोल्ट दिसत होता, बाकी काही नाही.

सात जोड झाले. आठ झाले. घामाने पाना हातातून सटकत होता. बाराव्या जोडाचा खालचा बोल्ट मी इतक्या जोरात आवळून पाहिला की खांद्यात कळ आली. तो तसूभरही हलला नाही. बारा जोड, चोवीस बोल्ट, सगळे जागेवर आणि सगळे घट्ट. मी तिथेच गवतात बसलो. इतकं हलकं वाटलं की मला रडूच येईल असं झालं.

तेवढ्यात जावई धापा टाकत आला. मी खिशातले चार बोल्ट काढून त्याच्यापुढे धरले.

"हे कुठले?"

त्याने मान खाली घातली. "डब्यातलेच. त्यांचे आटे झिजले होते, मामा. पकडच घेत नव्हते. म्हणून ट्रकमधलं नवीन पाकीट फोडलं."

"पाकीट फोडू नका म्हटलं होतं मी."

"हो ना. म्हणूनच बोललो नाही. बोल्ट तुम्ही स्वतः निवडून दिलेले. ते खराब आहेत म्हणून तुम्हाला कसं सांगू?"

मी त्याला दुखवायला नको म्हणून तपासलं नाही, त्याने मला दुखवायला नको म्हणून सांगितलं नाही, आणि या आदरसत्कारात बारा हजार माणसं उभी होती.

"पोरगी कुठे आहे?" मी विचारलं. "तुमच्या बाजूला तर दिसली नाही."

"मधोमध. तुमच्या पॅनलांपाशी. मीच सांगितलं तिला, बाबांनी बसवलंय तिथे उभी राहा, तिथे काळजी नाही."

मधली सहा पॅनलं नेहमी मीच बसवतो. तिथे रेटा सगळ्यात जास्त असतो. जावई थोडा घुटमळला. मग हळूच म्हणाला, "मामा, राग मानू नका. तुमची पॅनलं कोण तपासतं?"

तोंडात शिवी आली होती, ती मी गिळली. कारण उत्तर सोपं होतं. कुणीच नाही. बावीस वर्षांत कुणीच नाही. कुणाची छाती होती मला विचारायची?

मी पाना त्याच्या हातात दिला.

तो एकेक जोड तपासत निघाला आणि मी त्याच्यामागून. पहिले तीन ठीक. चौथ्या जोडापाशी वर लेक उभी होती, बॅरिकेडवर दोन्ही कोपर टेकून. "बाबा, काय चाललंय?"

"काही नाही. पाना पडला होता, तो शोधत होतो."

खाली जावयाने पाना लावला आणि बोल्ट फिरला. अर्धा फेरा, मग एक, मग दीड. मी ते डोळ्यांनी पाहिलं. माझ्या हातचा बोल्ट, माझ्या लेकीच्या गुडघ्यापाशी. जावयाने तो करकचून आवळला, पुन्हा एकदा ओढून बघितला आणि पुढच्या जोडाकडे सरकला. मी मात्र जागेवरच उभा राहिलो. त्याने तो प्रश्न विचारला नसता तर, हा विचार मी पुरता केलाच नाही.

उरलेले जोड घट्ट निघाले, तेव्हा मी बाईंना हात वर करून खूण केली आणि गायिका स्टेजवर आली. मागून लाट यावी तसा रेटा आला. मी आणि जावई गल्लीत शेजारी शेजारी, दोघांचेही तळहात त्या चौथ्या जोडावर. लोखंड थोडं कुरकुरलं आणि गप्प झालं. लेक हात उंचावून गात होती, बेसूर, अगदी आईवर गेली आहे. मी इतका मोकळा श्वास कित्येक वर्षांत घेतला नव्हता.

दुसऱ्या गाण्यानंतर ती खाली वाकली. "बाबा, पाना सापडला का?"

"सापडला," मी म्हणालो. "जावईबापूंकडे होता. आता त्यांच्याकडेच राहू दे."