मूठभर मुरूम

फाटलेली लेगिंग परत आणणाऱ्या बायांचा वर्षालीला तिटकारा होता.

तळेगावच्या बाजारात तिचं 'परी कलेक्शन'. मुलींचे कपडे, वय दोन ते चौदा. दारात तीन फ्रॉक टांगलेले, वाऱ्याने फुगणारे, आत मुलगी नसली की सगळ्यांत छान दिसणारे.

सोमवारी प्रमिलाबाईंनी नातीची गुलाबी लेगिंग काउंटरवर ठेवली.

"आठ दिवस नाई झाले, वर्षाली. गुडघ्यात गेली."

"पोरीले सांगा नं काकू, नीट बसत जा म्हणा."

"बसत नाई ते. पळते."

"मंग त्याले कपडा काय करन?"

प्रमिलाबाईंनी लेगिंगची घडी केली, भोक वर येईल अशी, आणि ती तिथेच सोडून गेल्या.

*

लेगिंगच्या आतल्या शिवणीला लावलेली पट्टी:

पहिली धुलाई वेगळी. घासू नये. पिळू नये. टिकल्या निघाल्यास तक्रार चालणार नाही.

मुलीने काय करू नये ते पट्टीवर नव्हतं. ते सांगायला वर्षाली होती.

*

संध्याकाळी आचल आली. वर्षालीची पोरगी, दहा वर्षांची, शाळेच्या खो-खो संघात सगळ्यांत लहान. डावा गुडघा फुटलेला, रक्तात मैदानाचा मुरूम चिकटलेला, आणि भोवती परी कलेक्शनचा जांभळा माल, चिंध्या झालेला. महिन्यातली तिसरी लेगिंग.

"सर म्हणे, पुन्हा गुडघा फुटला तं शनिवारी आष्टीच्या सामन्याले नेत नाई." आचल रडत नव्हती. हिशेबाने बोलत होती. "मी झेप घ्यायच्या आधी थांबू का, आई? थांबली तं फुटत नाई."

वर्षालीला दुसरं काही ऐकू आलं नसतं तरी चाललं असतं. हे ऐकू आलं.

तिने फळीवरची एकेक चड्डी, पँट, लेगिंग खाली ओढली. खिसे नव्हते, खिशांच्या शिवणी होत्या. गुडघ्यावर, जिथे जमीन लागते नेमकं तिथे, इस्त्रीने चिकटवलेलं फुलपाखरू. कापडाखाली बोट धरलं तर नखाचा रंग दिसत होता. सहा वर्षं ती हे विकत होती. 'लय टिकते ताई' म्हणत होती.

*

मंगळवार. वर्धेची एसटी. मांडीवर पिशवी. पिशवीत शाळेच्या मैदानातला मूठभर मुरूम. बाजूला आचल, गुडघ्याला पट्टी.

*

हेमराजशेठ ठोक व्यापारी. त्याने नवा माल पसरला. चमकी, जाळी, लोंबणारे गोंडे.

"यातली टिकणारी कोणती?"

"मॅडम, लेडीज आयटममध्ये चमक चालते. मजबुती कोण विचारते?"

"मी विचारून राह्यली."

"तुमी आज दुकानदार म्हणून आल्या का गिऱ्हाईक म्हणून?"

वर्षालीने पिशवी उघडली. मूठभर मुरूम काउंटरवर ओतला आणि सगळ्यांत महाग लेगिंग त्यावर तळव्याने दाबून घासली. चौथ्या घासणीला जाळी दिसली, सातव्याला काउंटर.

"माल खराब करून राह्यल्या तुमी."

"खराबच हाय. मी फक्त दाखवून राह्यली."

हेमराजशेठने आचलच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग अगदी मायेने, सहा वर्षांच्या ओळखीने, म्हणाला, "पोरीले नीट बसाले शिकवा, मॅडम."

वर्षालीच्या तोंडात तेच वाक्य कालपासून पडून होतं. दुसऱ्याच्या तोंडून ते इतकं घाण वाटेल असं तिला वाटलं नव्हतं.

*

कापूस बाजाराच्या फाटकासमोर ऑटो अडला. एक हमाल कापसाचं गाठोडं गुडघ्याने ढकलत होता.

"आई, त्याची पँट पाय."

गुडघ्यावर कापडाचे दोन थर होते. शिवण जाड, कुरूप, सरळ.

"डोमाजी शिवते," हमाल म्हणाला, आणि हनुवटीने फाटकाजवळची शिलाई मशीन दाखवली.

दोघी ऑटोतून उतरल्या. डोमाजी म्हातारा, चष्म्याला दोरी. त्याने रंग विचारला नाही.

"कोठं फाटते?"

"गुडघ्यावर," वर्षाली म्हणाली.

"तुमाले नाई विचारलं. तिले विचारून राह्यलो."

आचल मागे सरली, दोन पावलं धावली आणि बाजाराच्या धुळीत, सगळ्या हमालांसमोर, पूर्ण झेप घेतली. वर्षालीचा हात तिला धरायला पुढे गेला आणि तिथेच राहिला.

ती उठली तशी डोमाजीने खाली वाकून, कापडाला धूळ लागली होती तिथे, खडूची रेघ मारली. गुडघ्याच्या चार बोटं खाली.

"वाकली का कापड वर चढते. ठिगळ इथं पायजे. दुकानवाले उभ्या पोरीचं माप घेतेत." त्याने खडू कानामागे खोचला. "आसनातही एक जास्तीचा तुकडा टाकतो. खिसा?"

"खरा?" आचलने विचारलं.

*

शनिवार, आष्टी. मैदान मुरमाचंच.

खाकी, जाड, बिनफुलपाखराची पँट. आचल खांबाकडे धावली. वर्षालीने फक्त पावलं पाहिली: आता थांबेल, आता.

थांबली नाही.

उठली तेव्हा गुडघ्यावरून मुरूम झटकत उठली, आणि पुढच्या पोरीमागे गेली. सरांनी एकदा पँटकडे पाहिलं, मग खेळाकडे.

प्रमिलाबाई नातीचा सामना पाहायला आल्या होत्या. त्या वर्षालीशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"हे पँट तुह्या दुकानातली?"

"नाई. वर्धेत डोमाजी म्हणून हाये, कापूस बाजाराच्या फाटकापाशी. नातीले संगं नेजा. तो पोरीलेच विचारते."

"अन् तुह्या दुकानातलं कोणासाठी?"

"बसणाऱ्या पोरींसाठी."

प्रमिलाबाईंनी मैदानावर नजर फिरवली. आठ पोरी चौकोनात टेकलेल्या, टाचा उचललेल्या, खो मिळायची वाट पाहत.

"यातली बसणारी कोणती," त्यांनी विचारलं, "तेवढी मले दाखव."