पुसू नये

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. जन्मभर मी दुसऱ्यांचेच बोलत आलो. कुणी बेरजा लिहिल्या, कुणी नकाशे काढले, कुणी बडबड करणाऱ्यांची नावे लिहिली, आणि मी ते सारे निमूटपणे अंगावर घेतले. आज मात्र खडू कुणाच्याच हातात नाही. तेव्हा माझे चार शब्द ऐकून घ्या.

सुताराने मला दोन रुंद फळ्या जोडून तयार केले. खाचेत खाच बसवली, सरस लावला आणि वर काळा रंग दिला. त्या रंगात बारीक दगडाची पूड होती, म्हणून माझे अंग खरखरीत झाले. सुताराच्या बायकोने हात फिरवून नाक मुरडले. तेव्हा तो तिला म्हणाला की खरखर हाच फळ्याचा गुण असतो, गुळगुळीत फळा काय, भिंतीवर टांगून भांग पाडायला ठेवायचा? ते बोलणे मला पुढे फार आठवले.

मला शाळेत आठवीच्या वर्गात लावले. तुम्ही शिक्षकांना खूप पाहिले असेल, पण माझ्याइतके नाही. शिक्षक लिहू लागले की तुम्हाला त्यांची पाठ दिसते, मला तोंड दिसते. स्पेलिंग अडले की कोण जीभ दातांत धरते, मागे हशा पिकला की कोण वरवर रागावून आतल्या आत हसते, हे मला पक्के ठाऊक होते. मी कधी कुणाची चहाडी केली नाही.

त्या वर्गावर दोन मातब्बर माणसे शिकवायला येत. एक व्याकरणाच्या बाई, त्या इंग्रजी व्याकरण शिकवत. दुसरे विज्ञानाचे सर. बाईंचा आवाज खणखणीत होता, शेजारच्या वर्गातली मुलेसुद्धा त्यांचे धडे फुकटात शिकत. सरांचे अक्षर मोत्यासारखे होते, आणि ते त्यांना चांगलेच माहीत होते.

दोघांचे बिनसले ते एका शब्दावरून. शब्द होता ‘कंपाउंड’. मुलांना तोवर एकच कंपाउंड ठाऊक होते, शाळेभोवतीचे, ज्याच्यावरून चेंडू पलीकडे जाई. बाईंनी शिकवले की दोन शब्द जोडून जो नवा शब्द होतो, तो कंपाउंड शब्द. पुढच्याच तासाला सरांनी शिकवले की मूलद्रव्ये ठरावीक प्रमाणात संयोग पावून जो नवा पदार्थ होतो, तो कंपाउंड, म्हणजे संयुग. परीक्षेत अर्ध्या वर्गाने विज्ञानाच्या पेपरात बाईंचे उत्तर लिहिले. एका बहाद्दराने तर दोन्ही पेपरांत भिंत बांधली.

सर शिक्षकांच्या खोलीत सर्वांदेखत म्हणाले की बाईंनी मुलांच्या डोक्यात घोळ घालून ठेवला आहे. बाई कसल्या ऐकून घेतात? त्या म्हणाल्या की शब्द मुळात भाषेचे, विज्ञान ते उसने नेते आणि वर मालकालाच दम देते. झाले, त्या दिवसापासून बोलाचाली बंद. दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्या मधोमध, नेमक्या सांध्यावरून, उभी रेघ ओढली. मुलांच्या डावीकडची बाजू बाईंची, उजवीकडची सरांची. आमच्या शाळेत एक रीत होती. जे राखून ठेवायचे, त्याच्याभोवती चौकट काढून खाली ‘पुसू नये’ असे लिहायचे. मग त्याला हात लावायची मुख्याध्यापकांचीही छाती होत नसे. सर आपल्या अख्ख्या बाजूला चौकट काढू लागले. खरे सांगतो, त्या रेघेने मला फार अवघडल्यासारखे होई. सुताराने जोडलेले यांनी खडूने तोडले होते.

काही वर्षे अशीच गेली. मग बाईंच्या घशाचे दुखणे निघाले. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण आवाज गेला. बोलायला गेल्या की कागद चुरगळल्यासारखी नुसती खसखस येई. मुख्याध्यापक भला माणूस होता. त्याने बाईंना सुचवले की आता कार्यालयात बसून कागदपत्रे पाहा, मान तोच राहील. बाईंनी कागदावर लिहून दिले की तपासणीपर्यंत मला वर्ग द्या. तपासणीला येणारे साहेब तास पाहतील, आणि बाईंनी वर्गात राहायचे की कार्यालयात जायचे ते सांगतील, असे ठरले.

बाईंनी मग शिकवायची नवीच तऱ्हा काढली. त्या माझ्यावर लिहीत आणि वर्ग मोठ्याने वाची. बोटाच्या पेराने मला एकदा ठोकले की त्याचा अर्थ ‘पुन्हा वाचा’. दोनदा ठोकले की ‘सांगा पाहू’. पहिल्या दिवशी मुले खुदखुदली, महिन्याभरात सरावली. त्यांना फक्त ती ठकठक ऐकू येई. मला मात्र दिसे की लिहिताना बाईंचे ओठ हलत असत, अगदी पूर्वी बोलत तसेच. एखादे वाक्य वर्गाने एका सुरात वाचले की त्यांचे डोळे भरून येत, आणि त्या मुद्दाम वरच्या कोपऱ्यात काहीबाही लिहीत उभ्या राहत. वर्ग हातून सुटला असता तर त्या माउलीचा दुसरा आवाजही गेला असता. हे मला कळत होते, पण मी पडलो लाकूड.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी शिपाईमामा वर्गात आले. बाईंवर त्यांचा फार जीव. त्यांच्या मुलीला बाईंनीच शिकवले होते. मुख्याध्यापकांच्या टेबलाला लावून उरलेले वॉर्निश त्यांच्या हातात होते. साहेब येणार तर बाईंचा फळा उठून दिसला पाहिजे, एवढेच त्यांच्या मनात होते. त्यांनी माझी डावी बाजू पुसून घेतली आणि वॉर्निशचा हात दिला, वर आणखी एक दिला. उजव्या बाजूला त्यांनी बोटही लावले नाही, कारण तिथे सरांनी मूलद्रव्यांचा मोठा तक्ता रंगीत खडूंनी काढला होता आणि खाली ‘पुसू नये’ लिहिले होते. सरांचाही तास साहेब पाहणार होते, बाईंच्या लगेच नंतर. आठवडाभर खपून त्यांनी तो तक्ता सजवला होता. मामांनी जाताना मागे वळून माझ्याकडे मोठ्या समाधानाने पाहिले. मला ओरडावेसे वाटत होते.

सकाळी बाई आल्या. तारीख लिहायला त्यांनी खडू टेकवला आणि तो घसरला. दाबून लिहिले तर खडू मोडला. त्यांनी तळवा फिरवला. माझे अंग काचेसारखे गुळगुळीत झाले होते, चकाकत होते. बाईंचा चेहरा तेव्हा फक्त मी पाहिला. तो चेहरा मला आजही पाहवत नाही.

मामा धावत आले, बघतात तो हा प्रकार. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

“बाई, मीच केलं हो. साहेब येणार म्हणून जरा तुमची बाजू...” मामा म्हणाले. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मामांनी पॉलिश पेपर आणून घासायला घेतले, पण वॉर्निश असे थोडेच निघते? नुसते ओरखडे उठले. साहेब मुख्याध्यापकांच्या खोलीतून निघाल्याची वर्दी आली.

एवढ्यात सर आपला तक्ता ठीक आहे ना ते पाहायला डोकावले. त्यांनी माझी डावी बाजू पाहिली, मोडलेला खडू पाहिला, भिंतीला टेकून उभे असलेले मामा पाहिले. बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. सर माझ्यासमोर येऊन थांबले. त्यांचा चेहरा मला अगदी जवळून दिसत होता, आणि मी शपथेवर सांगतो, त्या माणसाला तो तक्ता जीव की प्राण होता. त्यांनी डस्टर उचलला आणि आपल्या हाताने, आपल्याच ‘पुसू नये’वरून, तो सपासप फिरवला. मग ते म्हणाले, “माझ्याकडे तोंड आहे, बाई. फळा तुम्हाला लागेल.”

घाईत पुसल्यामुळे तक्त्याच्या दोन्ही कडांना थोडे राहून गेले. डावीकडे सोडियम राहिले, उजवीकडे क्लोरीन. सर बाहेर गेले आणि साहेब मुख्याध्यापकांबरोबर आत येऊन मागच्या बाकावर बसले.

बाईंनी माझ्या उजव्या बाजूला वर लिहिले, कंपाउंड. वर्गाने वाचले. त्याखाली लिहिले ‘ब्लॅक’, थोडे अंतर सोडून ‘बोर्ड’. मग दोन्ही जोडून लिहिले ‘ब्लॅकबोर्ड’. मला कोण संकोच वाटला. दोनदा ठकठक झाली. मुले हात वर करून सांगू लागली. खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली की प्रयोगशाळेतला फळा हिरवा आहे, तरी त्याला ब्लॅकबोर्डच म्हणतात, म्हणजे जोडल्यावर शब्दाला स्वतःचा वेगळा अर्थ येतो. बाई इतक्या खुलल्या की त्यांनी चुकून तीनदा ठोकले, आणि तीनदा ठोकल्यावर काय करायचे ते कुणालाच माहीत नसल्याने वर्ग हसला. साहेबही हसले.

मग बाईंचे लक्ष कडांकडे गेले. त्यांनी सोडियमपासून क्लोरीनपर्यंत एक लांब रेघ ओढली आणि खाली लिहिले, ‘मीठ’. पुढे लिहिले, ‘हे सर सांगतील.’ वर्गाने ते सगळ्या ताकदीने वाचले. दाराबाहेर सर उभे होते. त्यांना ते ऐकू गेलेच असणार.

तास संपल्यावर मुख्याध्यापकांनी दबक्या आवाजात साहेबांना विचारले, काय करावे. साहेब म्हणाले, “बाईंचा आवाज गेलाय हे तुम्ही मला सांगितलं होतं. वर्गाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.” त्यांनी खडू घेतला आणि माझ्या डाव्या बाजूला काही लिहायला गेले. खडू घसरला. त्यांनी त्या चकाकीकडे पाहिले, मामांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि काही न विचारता उजवीकडे खालच्या कोपऱ्यात लिहिले, ‘बाई वर्गातच राहतील.’

सर आत आले. त्यांनी आधी त्या वाक्याभोवती पट्टीने चौकट काढली आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात खाली लिहिले, ‘पुसू नये’. मग बाईंच्या मिठापासून आपला तास सुरू केला. तक्ता नव्हता, म्हणून दोन्ही हात हलवून शिकवले, आणि फार चांगले शिकवले. तरी पुढच्या परीक्षेत काही जणांनी घोळ घातलाच. मुले ती मुलेच.

सुट्टीत मामांनी मला घासून पुन्हा काळा रंग दिला, दगडाची पूड घालून. मधली रेघ त्याखाली गेली आणि ती पुन्हा कुणी ओढली नाही. त्या चौकटीभोवती मात्र मामा बारीक कुंचला घेऊन बसले. पुढेही दर सुट्टीत ते असेच चौकट सोडून रंगवत. कोपऱ्यातले अक्षर फिकट झाले की कुणीतरी गुपचूप गिरवून ठेवी. अक्षर मोत्यासारखे असे, तेव्हा ते कुणाचे ते मी सांगायला नको.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी शेवटचा तास आठवीवरच होता. तास संपताना त्यांनी डस्टर घेतला आणि ते वाक्य स्वतः पुसले. एवढी वर्षे जपलेले ते, एका फटक्यात गेले. मग बाईंनी त्या रिकाम्या चौकटीवर बोटाच्या पेराने एकदा ठोकले.

आणि सगळ्या वर्गाने, तिथे काहीही नसताना, मोठ्याने वाचले, “बाई वर्गातच राहतील.”

आता आठवीत पांढरा गुळगुळीत फळा आला आहे. त्याच्यावर माझा राग नाही, ज्याचे त्याचे दिवस असतात. मी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून असतो. मित्रांनो, तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला ओलीत ठेवू नका, त्याच्यावर करकटकाने कोरू नका. आणि मायेपोटीसुद्धा त्याला चकचकीत करू नका. अंगाला थोडी खरखर असली तरच दुसऱ्याचे अक्षर धरून ठेवता येते. कधी या खोलीत आलात तर कोरड्या फडक्याने माझ्यावरची धूळ पुसा, आणि जाताना बोटाच्या पेराने मला एकदा ठोका. त्याचा अर्थ आता तुम्हाला माहीत आहे.