मुर्ध्याच्या रस्त्यावरची मोजणी

बबन भोईरच्या हाताला एक सवय होती. रस्त्यात कुठं ट्रॅफिकचा मामा दिसला, की समोरून येणाऱ्या गाडीसाठी त्याचा उजवा हात आपोआप रिक्षाबाहेर निघायचा आणि पालथा पंजा हवेत दोनदा खाली दाबला जायचा. सावकाश, पुढं मामा हाय. बावीस वर्षं तो मुर्धा ते भाईंदर स्टेशन शेअर रिक्षा चालवत होता. समोरचा ओळखीचा असो नसो, रिक्षावाला असो की डंपरवाला, इशारा द्यायचाच. जो देत नाही त्याला स्टँडवर कुणी चहासुद्धा विचारत नसे. ही मंडळी याला धर्म म्हणत, आणि खरं सांगायचं तर बबनचा याखेरीज दुसरा फारसा धर्म नव्हता. गावच्या जत्रेलाही तो देवळात कमी आणि भाड्यावर जास्त असे.

भाईंदर पश्चिमेतून निघालेला तो रस्ता मुर्धा, राई, मोर्वा करत उत्तनच्या समुद्राला जातो आणि जाता जाता मुर्धा गाव मधोमध चिरून टाकतो. अलीकडे घरं, पलीकडे शाळा आणि देऊळ. पूर्वी मिठाच्या गोण्या लादलेले ट्रक इथून रांगत जायचे, तेव्हा म्हातारी माणसं गप्पा मारत रस्ता ओलांडायची. आता मिठागरांच्या कडेला टॉवर उठतायत. दिवसभर भरावाचे डंपर धावतात आणि रविवारी समुद्रावर निघालेली बाइकवाली पोरं कानठळ्या बसवत जातात. गावात वेगाची मर्यादा सांगणारी पाटी नव्हती की एक गतिरोधक नव्हता.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या धर्माजींना एका गाडीनं उडवलं. ते वाचले, पण पाय गेला. त्यांना बघून आल्यावर बबनची मुलगी सुरुची रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी कागद पेन घेऊन बसली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, अक्षर मोत्यासारखं, आणि एकदा डोक्यात शिरलं की सोडायची नाही. तिनं गतिरोधक आणि वेगमर्यादेसाठी अर्ज लिहिला, दोनशे चौदा सह्या जमवल्या. पहिली सही बापाची घेतली.

"पप्पा, नुसतं मागून भेटत न्हाय," ती चहा पिता पिता सांगत होती. "त्याची पद्धत असते. माणूस पाठवतात, तो गाड्यांचा वेग मोजतो. शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत जातात, तो आकडा पकडतात. आपल्याकडं तो आकडा साठच्या वर येनार. मग त्यांना काय तरी करावंच लागेल."

"बाय माझी हुशार," बबन म्हणाला. त्याला त्यातलं पंच्याऐंशी कळलं नव्हतं. पण पोरगी साहेबासारखी बोलते, याचाच त्याला इतका आनंद झाला की त्या दिवशी स्टँडवर त्यानं चारचौघांना ते ऐकवलं.

मग महिने गेले. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि बबन तो विसरूनही गेला.

जानेवारी उजाडला. जानेवारी म्हणजे रस्ता सुरक्षेचा महिना. या महिन्यात मामा लोक झाडामागून उगवतात. सतरा तारखेला सकाळी नऊच्या सुमाराला बबन भाईंदरहून तीन शिटा, म्हणजे प्रवासी, घेऊन येत होता, तर गावाच्या तोंडाशी नाल्यालगत एक पांढरी गाडी उभी. गाडीआड टोपी घातलेला एक जण, हातात ते वेग धरणारं यंत्र, पिस्तुलासारखं रोखलेलं. दुसरा मांडीवर वही घेऊन बसलेला. वर्दी नव्हती, पण हल्ली साध्या कपड्यातही येतात हे बबनला ठाऊक होतं.

"आयला, मशीन घेऊन बसलेत," तो शिटांना म्हणाला आणि त्याचा हात बाहेर आला.

त्यानं समोरच्या टेम्पोला इशारा दिला, टेम्पोनं मागच्याला दिला. बबन एवढ्यावर थांबला नाही. गावात शिटा उतरवल्या आणि फोन काढून रिक्षावाल्यांच्या ग्रुपवर आवाज टाकला, "मुर्ध्याच्या नाल्याजवळ मशीन लावलीय, सगळ्यांनी सावकाश या, डंपरवाल्यांना पन सांगा." दुपारी एकपर्यंत त्याच्या पाच फेऱ्या झाल्या आणि पाचही फेऱ्यांत त्याचा हात आत गेला नाही. त्या दिवशी मुर्ध्यातून गाड्या लग्नाच्या वरातीसारख्या गेल्या. एका डंपरवाल्यानं तर खास थांबून त्याला हात जोडले, "भाई, बचा लिया." बबनची छाती फुगली. घरी जेवताना त्यानं बायकोला, मनोरमाला, ही मर्दुमकी सांगितली. सुरुची तेव्हा कॉलेजात होती.

मार्चमध्ये पत्र आलं. सुरुचीनं ते ओट्यावर उभं राहूनच फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. "सदर ठिकाणी दिनांक सतरा जानेवारी रोजी सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत वाहनांच्या वेगाचे सर्वेक्षण करण्यात आले. पंच्याऐंशी टक्के वाहनांचा वेग ताशी एकतीस किलोमीटरच्या आत आढळला. सबब वेगमर्यादा कमी करण्याची अथवा गतिरोधक बसवण्याची आवश्यकता दिसून येत नाही."

बबन पायातली चप्पल काढत होता. एक निघाली, दुसरी पायातच राहिली. सतरा जानेवारी. नऊ ते एक. पांढरी गाडी, टोपीवाला, वही. ते मामा नव्हतेच, मोजणीवाले होते.

"एकतीस!" सुरुची ओरडली. "पप्पा, तुम्ही रोज चालवता. तुम्ही सांगा, एकतीसनं जातात इथून गाड्या?"

"न्हाय," बबन म्हणाला. तेवढंच म्हणाला.

मनोरमा आत तांदूळ निवडत होती. तिला तारीखवार गोष्टी लक्षात राहत नसत, नाहीतर तिथल्या तिथं उलगडा झाला असता. बबननं ठरवलं, उद्या सांगू. आता पोरगी तापलीय, उद्या शांतपणे सांगू. दुसऱ्या दिवशीही त्यानं हेच ठरवलं. बाप म्हणून पोरीनं आपल्याकडं ज्या नजरेनं बघावं, ती नजर जाईल याची त्याला भीती वाटत होती. माणूस किती क्षुल्लक गोष्टीला भितो, याचा त्याला पुढं आयुष्यभर विचार करायचा होता.

आठवड्यानं सुरुची त्याला घेऊन पत्र पाठवणाऱ्या कार्यालयात गेली. नीरज नावाचा तरुण इंजिनियर होता. तोंडाळ नव्हता, उलट खुर्ची दिली, फाइल काढली, आकड्यांचा कागद तिच्यासमोर सरकवला.

"मॅडम, मलाही आश्चर्य वाटलं. त्या रस्त्यानं मी पण जातो. पण मशीननं जे दाखवलं ते दाखवलं. आता पुन्हा मोजणी करायची तर एक वर्ष थांबावं लागेल."

"आणि लगेच करायची असेल तर?"

"मग पहिली मोजणी चुकीच्या परिस्थितीत झाली असं लेखी द्या. म्हणजे त्या दिवशी रस्ता खोदलेला होता, मिरवणूक होती, किंवा गाडीवाल्यांना आधीच कळलं होतं. असं काही असेल तर मी स्वतः पंधरा दिवसांत माणूस पाठवतो. अगदी एका माणसाचं लेखी चालेल."

बबन तिच्या मागं उभा होता. एका माणसाचं लेखी. तो माणूस दोन हातांवर होता, त्याच्या खिशात पेन होतं. टेबलाभोवती इतर लोक होते, एक शिपाई चहा घेऊन उभा होता. एवढ्या लोकांत मी म्हणू, की पोरीच्या अर्जावर मीच माती घातली? घरी सांगू, वाटेत सांगू. त्यानं खाली फरशीकडं बघितलं.

सुरुची म्हणाली, "असं काही झाल्याचं मला माहीत नाही, आणि खोटं मी लिहिणार नाही. पण मी स्वतः मोजून आणलं तर बघाल?"

नीरज हसला. "आणा. शंभर गाड्या मोजून आणा, मी साहेबांपुढं ठेवतो."

वाटेत बबन बोलला नाही. रिक्षा चालवताना मागं बघून कसं बोलणार, असं त्यानं स्वतःला समजावलं.

तिनं दुसऱ्याच दिवशी काम सुरू केलं. त्याच्याच पेटीतला टेप घेऊन रस्त्याकडेला बरोब्बर पन्नास मीटर मोजले, दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा मारल्या. गाडी पहिल्या रेघेवर आली की मोबाइलचं घड्याळ सुरू, दुसरीवर आली की बंद. साडेतीन सेकंदांच्या आत आली तर ती पन्नासच्या वर. दोन्ही रेघा नीट दिसायला तिला रस्त्याच्या अगदी कडेला उभं राहावं लागे. तिथं फूटपाथ नव्हताच, नाल्याचा कठडा आणि डांबर यांत जेमतेम हातभर माती.

"बाय, मागं सरून उभी ऱ्हा," बबन येता जाता ओरडायचा.

"मागनं रेघ दिसत न्हाय पप्पा!" ती हसून हात हलवायची.

पहिल्या दिवशी बावीस गाड्या झाल्या, दुसऱ्या दिवशी एकोणीस. रोज संध्याकाळी ती वही त्याच्यापुढं धरायची. बघा, हा डंपर, तीन पॉइंट एक. ही बाइक, दोन पॉइंट चार, म्हणजे पंच्याहत्तरनं गेली. बबन मान हलवायचा. तिसऱ्या दिवशी रात्री तो अंथरुणातून उठला, तिच्या खोलीच्या दाराशी गेला. ती झोपली होती. सकाळी सांगू म्हणून तो परत आला. सकाळी भाईंदरच्या तीन शिटा खोळंबल्या होत्या.

तो चौथा दिवस, रविवार होता. साडेदहाला तो स्टेशनच्या स्टँडवर नंबरात उभा असताना फोन आला. राईकडून येणाऱ्या एका गाडीनं दुसरीला मागं टाकायला म्हणून कड धरली होती. बबन पोचला तेव्हा लोकांनी सुरुचीला रिक्षात घातलं होतं, त्याच्याच स्टँडवरच्या एकाच्या रिक्षात. दवाखान्यात न्यायला कुणी घाई करत नव्हतं, त्यावरून तो समजला.

वही पोलिसांनी पंचनाम्यात घेतली आणि नंतर परत दिली. बहात्तर गाड्यांच्या वेळा होत्या. त्र्याहत्तरचा आकडा लिहून पुढं जागा मोकळी होती.

त्यानंतर जे झालं ते भराभर झालं. मेलेल्या माणसाचा अर्ज लवकर पुढं सरकतो. पुन्हा मोजणी झाली, बारा दिवसांत अधिसूचना निघाली, गावाच्या दोन्ही तोंडांना गतिरोधक पडले आणि तीसची पाटी आली. वॉर्डातल्या पुढाऱ्यानं पाटीला फुलांचा हार घातला, मांडव टाकला, सुरुचीचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून फ्लेक्सवर लावला आणि खाली स्वतःचा त्याहून मोठा लावला. बबनला हाताला धरून माइकपुढं नेलं. "एका बापानं लेकीचं स्वप्न पूर्ण केलं," असं पुढारी म्हणाला आणि टाळ्या पडल्या.

बबनला ते सहन झालं नाही.

"स्वप्न नका म्हणू," तो म्हणाला. "पयल्या मोजनीला मी सगळ्या गाड्या सावकाश केल्या. मला वाटलं मामा हाय. पाच फेऱ्या हात दाखवला, ग्रुपवर सांगितलं. मग पत्र आलं तवा मला कळलं, पन मी पोरीला बोललो न्हाय. मी बोललो असतो तर ती तिकडं उभीच ऱ्हायली नसती."

पुढाऱ्यानं त्याच्यापुढचा माइक ओढून घेतला आणि दुसऱ्या हातानं त्याला जवळ घेतलं. धक्का बसलाय बिचाऱ्याला, म्हणाला. बायका डोळे पुसू लागल्या. स्टँडवरचे दोस्त पुढं आले, पाणी दिलं. "बबन्या, हात तर आपन सगलेच दाखवतो रे," एक जण त्याच्या कानात म्हणाला. त्याला हे ऐकायचं नव्हतं. कुणीतरी एक मुस्काटात मारावी, एवढीच त्याची इच्छा होती. शेवटच्या रांगेत नीरज बसला होता. तेवढा एकटा खाली मान घालून उठला आणि कुणाशी न बोलता निघून गेला.

मनोरमा पहिल्या रांगेत होती. तिनं डोळे पुसले नाहीत. कार्यक्रम संपला, तशी ती उठून चालू लागली आणि बबन तिच्या मागनं. नव्या गतिरोधकापाशी गाड्या थांबत थांबत जात होत्या. दोघांनी रस्ता ओलांडला.

घरी आल्यावर तिनं त्याला पाणी दिलं. मग समोर बसली.

"त्या दिवशी हाफिसात तो इंजिनियर बोलला, एका मानसाचं लिवलेलं चालंल. पोरीनं मला येऊन सांगितलं होतं. तवा तुमी तिकडंच होता?"

"होतो."

"ऐकलं होतं तुमी?"

"ऐकलं होतं."

मनोरमानं मान हलवली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि बबनला त्याचीच भीती वाटली.

"हात दाखवलात त्याचं काय न्हाय," ती म्हणाली. "ती चूक झाली. पन तुमी तिला सांगितलं असतं ना, तर ती दोन दिवस रडली असती आनि तिनं तुमाला माफ केलं असतं. तशीच होती ती. मी न्हाय करनार."