नाबीआजीचा पेला

शुक्रवारी दुपारी फॅक्समधून निघालेला कागद तोमिकोने वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. डॉक्टर इतोकाझूंचं अक्षर नेहमीसारखं गिचमिड होतं, पण आकडा साफ होता. सात. तपासणीत फ्लू निघालेले सात जण, सगळे एकाच वस्तीतले. वस्ती तिचीच होती.

आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून अठ्ठावीस वर्षं ती हेच काम करत होती. बेटावरच्या दवाखान्यांचे आकडे यायचे, अमेरिकन लष्करी तळावरच्या इस्पितळाचे यायचे, आणि दोन्ही ती एका तक्त्यात मांडायची. नियम तिला पाठ होता, कारण नव्या मुलींना तीच शिकवायची: एका वस्तीत पाचाच्या वर रुग्ण गेले की त्याच दिवशी वस्तीप्रमुखाला फोन करायचा आणि गर्दीचे कार्यक्रम पुढे ढकलायला सांगायचं.

वस्तीत गर्दीचा कार्यक्रम एकच होता, तोही रविवारी आणि तिच्याच घरचा. सासूबाईंना, म्हणजे नाबीआजीला, सत्त्याण्णवावं लागलं होतं. त्या वर्षी माणूस पुन्हा मूल होतं म्हणतात, म्हणून हातात भिरभिरं देऊन सजवलेल्या मोटारीतून वस्तीभर मिरवतात. नाबीआजीने लाल झगा दोनदा उसवून अंगाबरोबर करून घेतला होता. पुढच्या वर्षी करू, असं सत्त्याण्णव वर्षांच्या बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं?

कागदाच्या डोक्यावर यंत्राने वेळ छापली होती, चार वाजून बारा मिनिटं. तोमिकोने तो उचलून सोमवारच्या ट्रेमध्ये टाकला. आठवड्याची बेरीज रविवारी बंद होते, सोमवारच्या ट्रेमधलं पुढच्या आठवड्यात धरतात. म्हणजे खोटं काही लिहायचं नव्हतं, फक्त उशिरा लिहायचं होतं. अशी स्वतःची समजूत घालून तिने पर्स उचलली आणि त्या दिवशी वेळेआधी घरी गेली.

रविवारी मांडव घालायला सार्जंट प्रुइट दहा सैनिक पोरं घेऊन आला. प्रुइट तळावरच्या इस्पितळातला. दर गुरुवारी त्यांचे आकडे स्वतः आणून द्यायचा आणि चहा घेऊन जायचा. सहा वर्षांत तो इथली बोली शिकला, तीही भाजीबाजारातल्या म्हाताऱ्यांकडून, त्यामुळे एवढा धिप्पाड गडी म्हाताऱ्यांसारखं बोलायला लागला की बायका तोंडावर हात घेऊन हसायच्या.

मिरवणूक झाली, गाणी झाली, आणि मग पेला निघाला. म्हाताऱ्या माणसाने तांदळाच्या दारूचा एक घोट घ्यायचा आणि तोच पेला पाहुण्यांनी ओठाला लावायचा. उष्टं घेतलं की आयुष्याचा वाटा मिळतो. बाटली तोमिकोच्या हातात होती. पहिल्या चार-पाच जणांनंतर तिने रुमालाने पेल्याची कड पुसली.

"अगं तोमिको, पुसतेस काय?" वस्तीप्रमुख तोबारू ओरडले. "आयुष्य पुसून टाकशील आमचं!"

सगळे हसले. तिनेही हसून रुमाल खिशात घातला. त्यानंतर तिने एकदाही कड पुसली नाही, आणि पेला दोनशे हातांतून फिरला.

प्रुइटची पोरं रांगेने गुडघ्यावर बसली. नको म्हणता येतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी म्हटलं नसतं. शेवटचा कोडी नावाचा, चेहराभर तांबूस ठिपके असलेला, एकोणीस-वीसचा असेल.

"याला दोन घोट दे," नाबीआजी म्हणाली. "काय वाळलाय मेला. तळावर जेवायला घालतात की नाही?"

प्रुइटने ते त्याला सांगितलं. तो लाजला आणि त्याने दोन घोट घेतले.

गुरुवारी प्रुइट आला तो तोंडाला मास्क लावून, आणि दारातच उभा राहिला. तोमिकोने त्याच्यासाठी चहा काढून ठेवला होता.

"आत नाही येत, बाई. कागद तेवढा घ्या."

कागदावर दहा होते. दहाच्या दहा, एकाच बराकीतले.

"कोडी यंत्रावर आहे," तो म्हणाला. "स्वतःचा श्वास पुरत नाही त्याला. आईला विमानात बसवलंय, उद्या पोचेल." त्याने मास्क नाकावर ओढला. "तुमच्याकडे किती?"

"चौतीस."

"आम्हीच आणलं ना तुमच्यात? पोरांना आणायची परवानगी मी मागितली होती. शेजारधर्म म्हणून. आता साहेब म्हणतात, पुरे झाला शेजारधर्म. पुढच्या महिन्यात माझी बदली." त्याने कमरेत वाकून नमस्कार केला, इथले लोक करतात त्याहूनही खाली. "आजींना सांगा, मला माफ करा."

तक्त्यात दिवस नसतो, आठवडा असतो. शुक्रवारचे सात त्या चौतिसांत केव्हाच मिसळून गेले होते. तळाची आणि वस्तीची रांग एकाच आठवड्यात उभी होती आणि बघणाऱ्याला वाटलं असतं, आजार तळावरूनच आला. तोमिकोचं तोंड उघडलं.

"सांगते," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने त्याचा चहा मोरीत ओतला. स्वतःची इतकी शरम तिला आयुष्यात वाटली नव्हती.

दुपारी ती रजा टाकून घरी आली. क्रीडांगणाच्या फाटकावर तोबारूंनी पाटी ठोकली होती: तळावरच्या लोकांना मज्जाव. रंग अजून ओला होता. शनिवारी याच मैदानात प्रुइटची पोरं वस्तीतल्या मुलांशी बेसबॉल खेळायची.

नाबीआजी अंथरुणात उठून बसली होती. चार दिवस तापली होती, पण चिवट हाड. भिरभिरं उशाशी खोचलेलं होतं.

"तोबारू येऊन गेला," ती म्हणाली. "पाटीचं कौतुक सांगायला. त्या वाळकुड्या पोराचंही सांगितलंन. म्हणे, करावं तसं भरावं." ती खोकली. "कागद घे. मी सांगते तसं लिही. त्या पोराच्या साहेबाला पाठवायचंय."

"आई, तुम्ही आधी पडा बघू."

"पडायला पुढे खूप वेळ आहे मला. लिही."

तोमिकोने कागद घेतला.

"लिही, मी नाबी योहेना. शनिवारपासून माझा घसा धरला होता. अंगात कसर होती. मी कुणाला सांगितलं नाही आणि माझा उष्टा पेला सगळ्यांना पाजला. तुमच्या पोरांनी काही आणलं नाही, माझ्याकडून नेलं."

पेन थांबलं.

"शनिवारी? मला का नाही सांगितलंत?"

"तुला?" म्हातारी हसली. दात नव्हते, तरी हसू मिस्कील होतं. "तुला कळलं असतं तर उभा मांडव उतरवला असतास तू. सासू बघितली नसतीस की सण. सगळी वस्ती जाणते, आमची तोमी आकड्यांत कुणाची भीड धरत नाही. म्हणून तर तुझ्यासमोर खोकला गिळत होते." मग हसू विरलं. "मिरवायची हौस नडली गं. त्या पोराला दोन घोट मीच द्यायला लावले."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. तोमिको कागदाकडे बघत बसली. म्हातारीने सांगितलं तेवढं लिहिलं असतं तर सगळं मिटत होतं. प्रुइटची बदली टळली असती, पाटी उतरली असती, आणि सत्त्याण्णव वर्षांच्या बाईवर कोण रागावणार? सोमवारच्या ट्रेकडे कुणी फिरकलंही नसतं.

ती लिहायला लागली. बराच वेळ लिहीत होती.

"एवढं काय लिहितेस? मी तर चार ओळी सांगितल्या." नाबीआजीला अक्षर येत नव्हतं, युद्धाच्या आधी मुलींना शाळेत कोण घालत होतं. "वाच पाहू."

तोमिकोने वाचलं. "मी तोमिको योहेना, आरोग्य केंद्रातली परिचारिका. शुक्रवारी चार वाजून बारा मिनिटांनी आमच्या वस्तीत सात रुग्ण असल्याचा कागद माझ्या हातात आला होता. कार्यक्रम थांबवणं माझं काम होतं. मी तो कागद सोमवारच्या ट्रेमध्ये ठेवला. रविवारी पेला मीच भरत होते. सार्जंट प्रुइट यांचा यात काही दोष नाही."

तिने मान वर केली नाही.

उशाशी हात नेऊन म्हातारीने भिरभिरं काढलं आणि ते मांडीवर धरून पाती एकेक करून बोटाने दाबत राहिली.

"हे मी सांगितलं नव्हतं," शेवटी ती म्हणाली.

"नाही."

"हं." तिने भिरभिरं परत उशाशी खोचलं. "माझंही नाव घाल. तुझ्या खाली."