उरलेले दीडशे ग्रॅम

मुकाई काट्यावर उभा राहिला, आकडा अठ्ठेचाळीस किलोवर थांबला आणि सुमिएच्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे की, सुटलो बाई एकदाचे.

बॉक्सिंगच्या त्या गटाला सत्तेचाळीस किलो सहाशेच्या वर एक ग्रॅमही चालत नाही. मुकाई चारशेनं जास्त भरला होता. मंडळाच्या अधिकाऱ्यानं घड्याळ पाहून नियमाप्रमाणे दोन तास दिले, म्हणजे तीन वाजेपर्यंत. एकवीस वर्षांचं ते पोरगं खाली मान घालून घाम काढायचा रबरी सूट चढवायला लागलं. त्याचा वस्ताद त्याच्यावर असा खेकसला की भिंतीजवळचे दोन पत्रकार लिहायचे थांबले.

सुमिएचा नवरा, तामोत्सु इवाकिरी, त्याच्या आधीच काट्यावरून उतरला होता. सत्तेचाळीस पाचशे. सतरा वर्षांत त्याचं वजन एकदाही चुकलं नव्हतं. नऊ दिवसांनी त्याला सदतीस पूर्ण होणार होती, आणि सदतीस झाली की मंडळ लायसन्स काढून घेतं. तेहेतीस लढती, त्यातल्या एकोणीस जिंकलेल्या, क्रमवारीत एकदा सातवा नंबर. एवढीच त्याची कमाई. उद्याची चौतिसावी, या मुकाईशी, शेवटची.

आता मुकाईचं वजन उतरलं नाही, तर ती होणारच नव्हती. तशी नियमात एक पळवाट आहे. समोरच्याची हरकत नसेल तर जास्त वजनाच्या गड्याशीही लढता येतं. दोन वर्षांपूर्वी ओसाकाला तामोत्सुनं अशीच मान डोलावली होती. पाचव्या फेरीत त्याला उचलून न्यावं लागलं. हॉस्पिटलात तीन दिवस तो सुमिएला एकच विचारत होता, "आज वार कोणता गं?" ती सांगायची, बुधवार. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. घरी आल्यावर तिनं त्याच्याकडून शब्द घेतला, जास्त वजनाच्या माणसासमोर पुन्हा उभं राहायचं नाही. त्यानं तो दिला. त्याचे वस्ताद देगुची तेव्हा समोरच बसले होते.

तेच देगुची आता सरकत सरकत तिच्याजवळ आले. "वहिनी, हे पोरगं काही एवढं उतरवत नाही. तोंड बघितलंत का त्याचं? शब्द म्हणजे शब्द. तीन वाजले की मी सांगून टाकतो, आम्ही लढत नाही."

"सांगा," सुमिए म्हणाली.

"तामोत्सुला ती पेज तरी पाजा. गेला कुठं हा?"

पेजेचा थर्मास तिच्या काखेतच होता. तामोत्सुनं त्यातला एक घोट घेतला होता, फक्त एक, आणि तो कुठंतरी निघून गेला होता. तिला हे खटकलं. गेले दोन आठवडे हा माणूस वजनापायी पाण्यावाचून तडफडला होता. नोकरी टोफूच्या दुकानात, म्हणजे दिवसभर कोपरापर्यंत हात पाण्यात आणि ओठ कोरडे. घरी आला की दर पाच मिनिटांनी काट्यावर. जेवायच्या टेबलाखाली त्याचा गुडघा सारखा हलायचा, इतका की तिच्या वाटीतलं सूप डचमळायचं. नळाचा आवाजसुद्धा त्याला सहन होईना, तेव्हा ती भांडी घेऊन शेजारणीकडे घासायला जाऊ लागली. आणि आज प्यायला मोकळीक मिळाली, तर हा पेज सोडून पळाला!

ती खुर्चीवर बसली. उठली. खिडकीशी गेली, परत आली, घडी घातलेल्या टॉवेलची पुन्हा घडी घातली. लढत टळणार म्हणून खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं. आधी वाटलंही होतं. मग ही घालमेल कसली, ते तिला कळेना. अडीच वाजायला आले तशी ती थर्मास घेऊन नवऱ्याला शोधायला निघाली.

मागच्या जिन्यात, चौथ्या मजल्याच्या वळणावर तिला हसणं ऐकू आलं. दोन आठवड्यांत न ऐकलेलं हसणं.

पायरीवर तामोत्सु बसला होता. त्याला खेटून मुकाई, रबरी सुटात, गुडघ्यांत कागदी कप धरून. समोर तामोत्सुचा घरचा काटा, आणि दोघांच्या मधे तिचा निळा डबा. खारवलेल्या उमेचा. नुसतं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटावं, इतकं आंबट ते फळ.

"गिळू नकोस रे गाढवा," तामोत्सु सांगत होता. "जिभेखाली धर. पाणी सुटलं की थुंक. आता पळून काही व्हायचं नाही, घाम आटलाय तुझा."

"आमचे वस्ताद म्हणतात, नुसतं पळ."

"त्यांचं काय जातंय? नव्वद किलोचा माणूस तो!"

मुकाई हसला आणि कपात थुंकला. मग त्याला सुमिए दिसली. वाकून नमस्कार करायला तो धडपडत उठला, तसा कप कलंडला.

"अरे सांभाळ! सांडलंस तर सांडलंस, परत पिऊ नकोस म्हणजे झालं," तामोत्सु म्हणाला. मग त्यानंही वर पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं.

सुमिएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दर जूनमध्ये ती ही फळं मिठात घालते, जुलैत तीन दिवस गॅलरीत उन्हात वाळवते, कावळ्यांपासून राखते. वजनाच्या दिवसांसाठी. याच्या वजनाच्या, त्या पोराच्या नव्हे.

"अहो, हे काय चाललंय?"

"वजन उतरवतोय. दीडशे ग्रॅम राहिलेत अजून."

"कुणाचं? तुम्ही मला शब्द दिलाय."

"तोच पाळतोय," तामोत्सु म्हणाला. "जास्त वजनाच्या माणसाशी लढणार नाही म्हटलं होतं ना? मग याचं नको का उतरायला?"

सतरा वर्षं ठोसे खाऊनसुद्धा या माणसाचं डोकं नको तिथं बरोबर चालत होतं.

"काकू, चूक माझीच आहे," मुकाई पुटपुटला.

"काकू कुणाला म्हणतोस रे? उद्या यांनाच मारणार आहेस ना तू?"

मुकाईनं क्षणभर विचार केला. "हो," तो म्हणाला. "मारणार."

"असा पाहिजे!" तामोत्सुनं त्याच्या पाठीत थाप घातली. "आता थुंक."

सुमिए वरच्या पायरीवर बसली. खाली जाऊन देगुचींना बोलावलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण तिची नजर तामोत्सुच्या गुडघ्यावर गेली. तो हलत नव्हता. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच तो अगदी शांत होता. आणि लढत झालीच नाही तर? तो गुडघा टेबलाखाली आयुष्यभर हलत राहणार, आणि समोर ती बसलेली असणार. रिंगणाची तिला भीती होतीच. या दुसऱ्या गोष्टीची त्याहून जास्त वाटली.

मुकाई पुन्हा काट्यावर चढला. सुटाचं वजन वजा करून अजून साठ ग्रॅम. डब्यात आता नुसत्या बिया होत्या. त्यानं एक बी चोखून पाहिली, कप तोंडाशी नेला, आणि काहीच आलं नाही.

"जीभ लाकडासारखी झालीय," तो म्हणाला. रडायच्या बेतात होता.

तीनला सतरा मिनिटं होती. थर्मासच्या झाकणात, कागदात गुंडाळून, एक उमे होतं. बरणीतलं सगळ्यात मोठं. वजनानंतरच्या पेजेत घालायला सुमिए दर वेळी ते आणते, आणि तामोत्सुला ते ठाऊक असतं. त्यानं झाकणाकडे पाहिलं. मागितलं मात्र नाही.

सुमिएनं झाकण फिरवलं.

"तोंड उघड," ती मुकाईला म्हणाली. "गिळलंस तर बघ."

तीन वाजता टॉवेलच्या आडोशानं मुकाई काट्यावर चढला. अंगावर चिंधीसुद्धा नाही. आकडा सत्तेचाळीस सहाशेवर थांबला. देगुची 'आम्ही लढत नाही' म्हणायला उठले होते, ते तसेच खाली बसले आणि सुमिएकडे पाहू लागले. तिनं दुसरीकडे पाहिलं.

तामोत्सु घडीच्या खुर्चीवर बसून पेज प्यायला. एक वाटी, दुसरी वाटी, तिसरी. मग तोंड पुसून म्हणाला, "आज अळणी लागली गं."

"लागू दे. घरी बरणी भरलेली आहे. उद्या या परत, आणि मला वार सांगा. मग वाढते."

"शनिवार," तामोत्सु लगेच म्हणाला.

"आज नको," सुमिए म्हणाली. "उद्या सांगा."