चावला तर सुटला

नोएलीन माझी सख्खी मोठी बहीण. तरी तिच्या अभयारण्याच्या फाटकात तिनं मला वीस मिनिटं ताटकळत ठेवलं. आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा; गारठा नुसता हाडात शिरत होता. नशीब, मी माझा जुना लांब हिरवा स्वेटर घातला होता.

"आलीस?" कुलूप काढत ती म्हणाली. "आत गेल्यावर तोंड उघडायचं नाही. स्पडला हाक मारलीस तर बघ."

"माझ्याच लेकराला हाक मारायची चोरी?"

"लेकरू नाही ते. वॉम्बॅट आहे. बिळात राहणारं रानटी जनावर."

मला शिकवते! रस्त्यावर मेलेल्या आईच्या पोटाच्या पिशवीत हात घालून त्याला बाहेर काढलं ते मी. मुठीएवढा होता, अंगावर केससुद्धा नव्हते. दर तीन तासांनी बाटलीनं दूध पाजलं तेही मी. वर्षाचा झाल्यावर हिनं नेला, आणि झाडू आपटून आपटून त्याला माणसांचा राग करायला शिकवलं. आमच्याकडे रीतच आहे ती. वॉम्बॅट माणसाला चावायला लागला, की तो रानात जगायला लायक झाला. लाडावलेला असला तर कुत्र्यापुढेही आपणहून जातो आणि जिवाला मुकतो. हे मला कळत नाही असं नाही. पण हिच्या तोंडून ऐकलं की डोकं फिरतं.

आत वनखात्याचा डेस्मंड कागद घेऊन उभा होता. तिघांनी एकेक करून स्पडसमोर जायचं. तिघांच्याही अंगावर धावून गेला, तर संध्याकाळी त्याला रानात सोडणार. एकालाही बिलगला, तर जन्मभर कुंपणात, पर्यटकांसमोर.

डेस्मंड पुढे झाला. स्पड बिळातून सुसाट आला आणि त्याच्या बुटाला असा कडकडून चावला, की डेस्मंड धडपडत कुंपणावर चढला. "माझ्याकडून पास," तो वरूनच म्हणाला आणि त्यानं तसं कागदावर लिहिलं. मग नोएलीन गेली. तिच्या पोटरीवर जोरात धडक बसली, तरी बया हसत होती.

"आता तू," ती मला म्हणाली. "गप उभी राहा."

मी गपच राहिले. देवाशपथ, एक शब्द काढला नाही. स्पड फुत्कारत आला आणि माझ्यापाशी थबकला. नाक वर करून त्यानं वास घेतला. मग पुढचे पाय माझ्या गुडघ्यांवर टेकवून त्यानं स्वेटरखाली डोकं खुपसलं, दूध मागताना खुपसायचा तसं.

डेस्मंडनं मघाशी लिहिलेलं खोडलं.

नोएलीन स्वेटरकडे बघत होती. "ह्यातच गुंडाळून वाढवलंस ना त्याला?"

"थंडी होती," मी म्हणाले.

"कॉरल, घरात दुसरा स्वेटर नव्हता?"

होते. चांगले चार होते. सकाळी ते बाजूला सारूनच मी हा काढला होता.