दोन डाव्या सपाता

बर्फ पांढरा असतो ही बातमी ज्यानं पसरवली, तो सुट्टीच्या शुक्रवारी आबअलीच्या उतारावर गेलेला नसणार.

मी गेलो होतो. फुकट. माझी बहीण माहरुख जिथं नोकरी करते तिथल्या सोडतीत तिला 'तेहरान ते बर्फ, एका दिवसात, मार्गदर्शकासह' असं तिकीट लागलं. तिला बसमध्ये उलटी होते, म्हणून तिनं ते मला दिलं. मलाही होते. पण फुकट ते पौष्टिक.

बर्फातले बूट मात्र माझ्याकडे नव्हते. माहरुखनं नवऱ्याचे काढून दिले, त्याला न विचारता. हा नवरा, बहादोर, डोंगर चढतो. पगारासाठी नाही, आवड म्हणून, जे जास्त गंभीर आहे. त्याच्या बुटांना घरात स्वतंत्र कपाट आहे. माहरुखचे कपडे खुंटीला असतात. शनिवारी पहाटे तो आपल्या गटाबरोबर एका सुळक्यावर निघणार होता, आणि ही चढाई चार वर्षं कधी हवेमुळे, कधी कुणाच्या गुडघ्यामुळे रखडलेली होती. शुक्रवारच्या सुट्टीतही तो कामावर, रात्री आठला घरी.

"आठच्या आत बूट कपाटात हवेत," माहरुख म्हणाली. "नाहीतर मी बॅग भरून तुझ्याकडे राहायला येईन."

माझी खोली एकच आहे आणि माहरुख घोरते. मी बूट घेतले. ते दोन मापं मोठे होते, म्हणून तीन मोजे चढवले.

बस पहाटे साडेपाचला सुटली. मार्गदर्शकाचं नाव रूजबेह. त्याच्या हातात माईक होता आणि तो परत घेण्याची ताकद बसमध्ये कुणाकडे नव्हती. त्यानं पडदे लावायला सांगितले, गाणी लावली, आणि झोपलेल्या माणसांना उठवून मधल्या वाटेत नाचायला लावलं. मग प्रत्येकानं माईकवर स्वतःची ओळख करून द्यायची असं ठरलं. एका बाईंनी ओळखीत आपल्या पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलं, खड्यांच्या आकारासकट. टाळ्या पडल्या.

माझ्या शेजारी जे गृहस्थ होते ते माईकमध्ये म्हणाले, "मी साबेती. संडासाची भांडी. घाऊक आणि किरकोळ." त्यांनाही टाळ्या पडल्या, जरा जास्तच.

साबेती, आमच्या रीतीनं आघा साबेती, म्हणजे साबेतीसाहेब, पन्नाशीचे, पोट पुढच्या सीटला टेकलेलं, पायात ऑफिसचे पातळ काळे बूट. त्यांनी मांडीवर रुमाल पसरला आणि उकडलेली अंडी सोलायला घेतली. बंद बस, बेचाळीस माणसं, हीटर, आणि अंडी. एक सोललेलं अंडं त्यांनी अंगठ्यानं माझ्या तोंडात घातलं. मी नको म्हणण्यासाठी तोंड उघडलं होतं, त्याचा त्यांनी उपयोग करून घेतला. अंगठ्याला काकडीचा वास होता. नखाची मी चौकशी केली नाही.

मग त्यांची नजर खाली गेली.

"वा," ते म्हणाले. "काय बूट आहेत पोरा."

आता आमच्याकडे असं असतं की कुणी तुमच्या वस्तूची तारीफ केली की तुम्ही म्हणायचं, आपलीच आहे, घेऊन जा. समोरचा म्हणतो, छे छे, तुम्हालाच शोभते. तुम्ही पुन्हा म्हणता. तो पुन्हा नको म्हणतो. मग दोघंही हवेबद्दल बोलायला लागतात आणि वस्तू जागेवरच राहते. फक्त तिसऱ्यांदा म्हणायचं नसतं. तिसऱ्यांदा म्हणालात तर समोरच्याला ते खरं धरायचा हक्क आहे. हे आमच्याकडे मुलं चालायच्या आधी शिकतात.

मी म्हणालो, "आपलेच आहेत, जनाब."

"छे, तुलाच शोभतात."

"आपल्यावरून ओवाळून टाकले."

"नको रे पोरा, लाजवू नकोस."

बरोबर इथं बसनं वळण घेतलं. अंडं गळ्यापाशी परत आलं. ते खाली ढकलायला काहीतरी बोलणं भाग होतं, आणि तोंडात जे तयार होतं तेच बाहेर पडलं. "शपथेवर सांगतो, आपलेच आहेत."

आघा साबेती माझ्याकडे वळले. डोळ्यांत थोडं पाणी होतं. "तू इतका आग्रह करतोयस तर," ते म्हणाले, आणि वाकून माझ्या बुटांची नाडी सोडायला लागले.

बूट त्यांना शिवून घेतल्यासारखे बसले. त्या बदल्यात त्यांनी आपले काळे बूट पुढे केले. मी सवयीनं नको म्हणालो. त्यांनी दोनदा पुढे केले, मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा ते काही बोलले नाहीत. बूट त्यांनी पिशवीत ठेवले, अंड्यांशेजारी.

दिलेलं परत मागणाऱ्या माणसासाठी आमच्या भाषेत शिवी नाही. असा माणूस अजून जन्माला आलेला नाही. मी तीन मोज्यांवर बसून राहिलो.

रूदेहेनच्या पुढे बस न्याहारीला थांबली. गहू आणि मांस एकत्र घोटून केलेलं हलीम होतं. हलीम चांगलं झालं आहे की नाही हे आमच्याकडे ते किती लांब ताणलं जातं त्यावरून ठरतं, आणि हे फारच चांगलं होतं. एका आजोबांच्या वाडग्यापासून हनुवटीपर्यंत एक तार गेली होती आणि ते तिच्यासकट बोलत होते. मी उठून संडासाकडे गेलो. दाराशी सपाता होत्या. गुलाबी, प्लास्टिकच्या, दोन्ही डाव्या पायाच्या. कुणी चोरू नये म्हणून मालकानं टाचेत भोकं पाडलेली होती. आत पाणी होतं. ते पाणीच होतं असं मी ठरवलं. मोज्यांनी ते सगळं पिऊन घेतलं.

मी आत असतानाच रूजबेहचा आवाज आला. त्यानं बसबाहेरचा भोंगा लावला होता. "प्रवासी शेरवीन संडासात आहेत. आपण सगळे त्यांची वाट बघतोय." लोकांनी ठेक्यात टाळ्या धरल्या. बस हळूहळू पुढे सरकायलाही लागली होती. मी धावलो. सीटवर बसल्यावर लक्षात आलं की माझ्या पायात अजून त्या सपाता आहेत.

आमच्या घरी संडासाची सपात उंबऱ्याबाहेर एक बोट आली तरी आई फरशी तीनदा धुते. इथं ती सपात बसमध्ये बसून डोंगर बघायला निघाली होती. पुढच्या बाईंनी जमिनीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. पलीकडच्या कुटुंबानं आठही पाय वर घेतले आणि आबअलीपर्यंत तसेच ठेवले. आघा साबेतींनी सपातांकडे एकदा धंद्याच्या नजरेनं पाहिलं आणि माल हलका आहे असं सांगितलं.

आबअलीला सगळं तेहरान आधीच पोचलेलं होतं. उतारावर संत्र्याची सालं, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, लहान मुलांनी काढलेली पिवळी भोकं. उकडलेलं बीट विकणारे हातगाड्यांतलं पाणी बर्फावर ओतत होते, त्यामुळे जागोजागी खून झाल्यासारखं दिसत होतं. या सगळ्यावरून माणसं टायरच्या ट्यूबांवर बसून, गोल फिरत, किंचाळत खाली येत होती, तोंड उघडं ठेवून.

साबेती सगळ्यांत जास्त वेळा आले. वेग वाढला की बहादोरचे बूट टाचेकडून जमिनीत रुतवायचे आणि थांबायचे. खाली बर्फ संपून खडी लागायची तेव्हा आवाज यायचा. मी तो आवाज अकरा वेळा ऐकला. अकराव्या खेपेला मी त्यांना सांगितलं की माझी बोटं बधिर झाली आहेत. मला वाटलं, माणूस आहे, समजेल. ते समजले. त्यांनी माझे तिन्ही मोजे काढून, बीट खाल्लेल्या हातानं माझी बोटं चोळली, आणि त्याच हातानं मला बीट भरवलं.

दरम्यान दुसऱ्या बसमधला एक तरुण बर्फातल्या माझ्या सपाता बघून माझ्यापाशी येऊन उभा राहिला. मी थंडीचा सराव करतो का, असं त्यानं आदरानं विचारलं. मी नाही म्हणालो. त्यानं तो विनय समजला. थोड्या वेळानं रूजबेहनं भोंग्यावरून जाहीर केलं की आपल्या बसमध्ये असा एक साधक आहे. अर्ध्या तासात माझ्याभोवती सात माणसं बूट काढून मोज्यांवर उभी होती आणि श्वास कसा घ्यायचा ते विचारत होती. तोंडानं घ्या, म्हणालो, नाकानं घेतलात तर वास येतो. एकानं ते लिहून घेतलं.

जेवायला आश होतं, शेवया घातलेलं हिरवं घट्ट सूप, वरती तळलेल्या पुदिन्याचं तेल. मी साबेतींसमोर बसलो. उतारावर मला एक कल्पना सुचली होती. जी वाट जाताना चालते ती येतानाही चालायला हवी. मी त्यांच्या बुटांची तारीफ करायची. ते म्हणणार, तुझेच आहेत. मी दोनदा नको म्हणणार, आणि तिसऱ्यांदा घेणार. नियमानं.

मी चमचा खाली ठेवला. "जनाब, बूट काय सुंदर आहेत हो तुमचे."

साबेतींनी टेबलाखाली पाहिलं, मग माझ्याकडे. "तुझेच आहेत, पोरा."

"छे, आपल्यालाच शोभतात."

"तुझ्यावरून ओवाळून टाकले. आत्ता काढतो."

"नको, नको, लाजवू नका."

मी हात टेबलाखाली तयार ठेवला. साबेतींनी कांद्याची फोड उचलली, अर्धी खाल्ली, सावकाश चावली. मग म्हणाले, "हवा मात्र आज छान आहे."

मी त्या माणसाकडे नीट पाहिलं. हनुवटीवर पुदिना होता. हा चुकलेला माणूस नव्हता. ह्याला दोनपर्यंत उत्तम मोजता येत होतं. सकाळी वळणावर ह्याचे डोळे भरून आले होते ते माझ्या प्रेमानं नाही, माझ्या तिसऱ्या वाक्यानं.

परतीच्या वळणांवर मला उलटी झाली. हेतू नव्हता. पण झाली ती सगळी बहादोरच्या उजव्या बुटावर झाली, आणि खरं सांगतो, तोंड पुसताना मला दिवसातली पहिली आशा वाटली. आता कोण ठेवून घेईल. बसमधून ओय ओय असा आवाज उठला, लोकांनी नाकं धरली. साबेतींनी वर्तमानपत्र घेतलं, बूट पुसला, कागदाची नीट घडी केली.

"काही नाही रे," ते म्हणाले. "तीस वर्षं याच धंद्यात आहे."

उतरताना त्यांनी माझे दोन्ही गाल चुंबले.

मी माहरुखच्या घरी पोचलो तेव्हा आठ वाजायला वीस मिनिटं होती. तिनं दार उघडलं, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि उंबऱ्यापासून वर्तमानपत्रं पसरत गेली. बहादोर लवकर घरी आला होता. कपाट उघडं होतं. तो रिकाम्या कपाटासमोर पाटीवरचा मजकूर वाचत असल्यासारखा उभा होता.

मी सगळं सांगितलं. अंडं, वळण, तिसरं वाक्य. बहादोर चांगल्या घरातला आहे. चांगल्या घरातल्या माणसाला अशा वेळी एकच गोष्ट म्हणता येते आणि ती त्यानं म्हटली. "बूट काय, आज आहेत उद्या नाहीत. तू सुखरूप आलास ना?"

"बहादोर जान, मी आत्ता बाजारात जातो. बंद व्हायच्या आत नवे घेऊन येतो."

"काय बोलतोस. बस, चहा घे."

"नाही, मला चैन पडणार नाही. मी आणतोच."

"सोड रे. तुझ्यावरून ओवाळून टाकले."

आणि तो थांबला. माझ्याकडे बघत थांबला. चेहरा सभ्य होता, पण पाय दाराकडे वळलेले. मी तिसऱ्यांदा म्हणालो की तो म्हणणार, तू इतका आग्रह करतोयस तर, आणि आम्ही दोघं बाजारात पळणार, आणि पहाटे तो आपल्या सुळक्यावर जाणार. काही दुकानं शुक्रवारीही नऊपर्यंत उघडी असतात. माहरुखनं चहाचा ट्रे हातात तसाच धरला होता. तीही मोजत होती.

मला बोलायचं होतं. शब्द जिभेवर आले होते. पण हीटरजवळची जागा मिळाली होती, पायांना दिवसभरानंतर मुंग्या यायला लागल्या होत्या, करंगळी असल्याचं मला नुकतंच कळलं होतं. मी ट्रेमधून साखरेचा खडा उचलला, दातांत धरला, चहाचा घोट घेतला.

"हवा मात्र आज छान होती," मी म्हणालो.

बहादोरनं मान हलवली. त्यानं कपाटाचं दार हळूच लावलं आणि गटाला फोन करायला आतल्या खोलीत गेला. माहरुख उभीच होती. तिनं माझ्याकडे जसं पाहिलं तसं त्या बाईंनी सपातांकडे पाहिलं होतं, पिशवी मांडीवर घेण्याच्या आधी.

चहा चांगला होता. तरी तोंडात सारखी साबेतींच्या अंड्याची चव येत होती.